पाऊण टाकी भरलेली असताना मी रांगेत का उभा राहिलो?

गोदाकाठचा (धागाकर्ता)

२ जानेवारी २०२४, मंगळवार. ट्रक-टँकरचालकांचा संप चालू होता. नव्या न्याय संहितेच्या १०६ (२) कलमात, जीवघेणा अपघात करून न कळवता पळून गेलेल्या चालकाला १० वर्षांपर्यंत कैद आहे, त्यावरून. आमच्या जिल्ह्यात मनमाडजवळ पानेवाडीला इंधन कंपन्यांचे डेपो आहेत. तिथूनच टँकर निघेनात म्हटल्यावर नाशकात पंपापंपावर रांगा.

मी साडेनऊला ऑफिसला निघालो. काटा पाऊण टाकी दाखवत होता. रोजचं जाणं-येणं चौदा किलोमीटर, म्हणजे आठवडा आरामात निघाला असता. चौकात डावीकडे ऑफिस, उजवीकडे पंप. रांग पार रस्त्यापर्यंत आलेली दिसली आणि मी उजवीकडे वळलो. विचार वगैरे काही केला नाही, हँडलच वळलं.

सव्वा तास उभा होतो. पुढचे काका बंद स्कूटर पायाने रेटत होते, त्यांचं खरंच संपलेलं. माझा नंबर आला, नोझल लावलं आणि लगेच पेट्रोल तोंडाशी आलं. आकडा थांबला १३४ रुपयांवर. भरणारा पोरगा म्हणाला, "साहेब, एवढ्यासाठी?" मागच्या स्कूटीवरची मुलगी फस्सकन हसली. ऑफिसात अर्धी रजा लागली ती वेगळीच. त्याच रात्री दिल्लीत बोलणी होऊन संप मिटला.

आता याच्या आधीची गोष्ट. ११ नोव्हेंबर २०१६, शुक्रवार, नोटाबंदीला तीन दिवस झालेले. रात्री आईचा मुलुंडहून फोन. "अरे, मीठ संपतंय म्हणे सगळीकडे. दिल्लीकडे चारशे रुपये किलो झालंय. मी नऊ पुडे आणलेत, तुम्हीही घेऊन ठेवा." आईचं घर मुलुंड पूर्वेला, गच्चीवरून मिठागरं दिसतात. मी म्हटलं, "आई, गच्चीत जा आणि समोर बघ." ती म्हणाली, "ती मिठागरं काय माझ्या नावावर आहेत?"

तेव्हा मी आईला हसलो होतो. उत्तर प्रदेशातून उठलेली अफवा एका संध्याकाळीत मुंबईपर्यंत आली होती. मीठ पिकवण्यात आपला देश जगात तिसरा, आणि या देशातली माणसं मिठाच्या पुड्यासाठी एकमेकांना ढकलत होती. पण पंपावर मी वेगळं काय केलं? खरं सांगायचं तर मला संपाची भीती वाटलीच नव्हती. दोन-चार दिवसांत मिटेल हे मलाही कळत होतं. मला भीती वाटली ती समोरच्या रांगेची. हे सगळे आत्ता भरून घेणार आणि परवा मला खरोखर लागेल तेव्हा पंपावर दोरी बांधलेली असणार, ही. आणि माझ्या मागे जे उभे राहिले ते मला बघून उभे राहिले असणार.

तुमचे अनुभव लिहा. आईला आणि मला मूर्ख म्हणायचं असेल तरी चालेल, फक्त कारण द्या.

उनाडटप्पू

१३४ रुपये आणि अर्धी रजा. लिटरमागे भाव काय पडला तो काढून ठेवा, सरकारवर टीका करायला उपयोगी पडेल.

बाकी त्या नऊ पुड्यांचं पुढे काय झालं? खरा धागा तो आहे. (हलकेच घ्या.)

वाणीदादा

डोंबिवलीत आमचं किराणा दुकान आहे, वडिलांच्या काळापासून. त्या शुक्रवारी रात्री गल्ल्यावर मी होतो, म्हणून लिहितो.

आठच्या सुमाराला नेहमीच्या एक वहिनी आल्या. दोन पुडे मीठ. मी काही बोललो नाही. मग एक काका, पाच पुडे. गमतीत विचारलं, "काय काका, थंडीत लोणची घालताय का?" ते माझ्याकडे असे बघायला लागले की मला सगळं माहीत आहे आणि मीच लपवतोय. साडेआठला दुकानासमोर पन्नास माणूस.

हिशोब सांगतो. चार माणसांच्या घरात महिन्याला किलो-सव्वा किलो मीठ लागतं. माझ्याकडची बांधलेली घरं साडेतीनशे. म्हणजे दिवसाला बारा-चौदा पुडे जातात. दुकानात शंभरेक पुडे, मागे गोदामात तेवढेच. पंधरा दिवसांचा माल झाला. मिठाला सुटतं काय? कुठलाही वाणी त्याला यापेक्षा जास्त जागा देत नाही. आता या घरांतल्या निम्म्या घरांनी फक्त दोन-दोन पुडे जादा मागितले की झाले साडेतीनशे. माल दोनशेचा. कोणी हावरटपणा केला? कोणीच नाही. दोनच पुडे तर घेतले. आणि दुकान कोरडं.

त्यात नोटांचा घोळ. पाचशे-हजार बंद, सुटे कोणाकडे नाहीत. एकजण म्हणाले, "ही पाचशेची घे आणि पाचशेचं मीठ दे." त्यांना मीठ हवं होतं की नोट घालवायची होती, देव जाणे.

मी घाबरून शटर अर्धं ओढलं. ती चूक झाली. शटर खाली येताना बघितलं मात्र, मागून ओरडा झाला, "संपलं, संपलं!" आणि जे नुसते बघायला थांबले होते तेही पुढे घुसले. तेवढ्यात वडील आतून आले. शटर वर केलं, मला म्हणाले, "गोदामातलं सगळं पुढे आण." मी आणि आमच्या पोऱ्याने गोण्या आणून पायरीवर थप्पी लावली, माणसाच्या छातीएवढी. खरं तर मिठाच्या गोण्या चारच होत्या, खाली सगळी साखर आणि तांदूळ, पण लांबून काय कळतंय! भाव छापील तोच. वडील थप्पीला टेकून स्टुलावर बसले आणि पेपर उघडला. सकाळचाच पेपर, वाचून झालेला.

वीस मिनिटांत गर्दी पांगली. दोघं-तिघं तर घेतलेले पुडे परत करायला आले. वडिलांनी परत घेतले नाहीत, म्हणाले, "आता ठेवा, खारट थोडंच होणारे."

चाळकरी_७२

वाणीदादा, वडिलांना नमस्कार सांगा. असा एक वाणी आमच्या गिरगावात तेव्हा असता तर!

तुम्हा मुलांना हे अफवेचे प्रकार नवीन वाटतात. आमच्या पिढीला टंचाई ही ऐकीव गोष्ट नव्हती. ७२ चा दुष्काळ, त्यानंतरची दोन वर्षं. रेशनवर अमेरिकेचा मिलो यायचा, लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरायची आणि मुलं ताटावर रडायची. साखर मापून, रवा मापून. रॉकेलची गाडी कधी येईल त्याचा नेम नाही, म्हणून आदल्या रात्रीच डबे रांगेत लावायचे. माणूस घरी झोपायचा, डबा फुटपाथवर. पत्र्याचे डबे, कानाच्या कड्यांतून एकच सुतळी ओवलेली, म्हणजे मधला डबा कोणी पुढे सरकवू नये. आमच्या डब्यावर सासऱ्यांनी लाल रंगाने आडनाव लिहिलं होतं. पहाटे जाऊन बघितलं तर रांगेत डबा आहे पण दोन नंबर मागे, म्हणजे सुतळी सोडून परत बांधलेली. त्यावरून झालेली भांडणं तुम्हाला सांगितली तर हसाल.

त्याच काळात मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकरांच्या महागाईविरोधी मोर्चांना आम्ही चाळीतल्या सगळ्याजणी लाटणी घेऊन गेलो होतो. हौस म्हणून गेलो नव्हतो. घरात गोडं तेल नव्हतं.

मुद्दा असा की, "साठा मुबलक आहे, घाबरू नका" हे वाक्य मी रेडिओवर पहिल्यांदा तेव्हा ऐकलं. आणि ते ऐकल्यानंतरच्या आठवड्यात दुकानात काय होतं ते मला माहीत आहे. अजूनही हे वाक्य कानावर आलं की हात आपोआप पिशवीकडे जातो. सूनबाई माझ्या डब्यांना हसते. दोन माणसांना पाच किलो साखर कशाला, म्हणते. मार्च २०२० मध्ये मात्र हसली नाही.

धागाकर्त्याच्या आईचं वय काय असेल? माझ्या बरोबरीची असेल तर तिला मूर्ख म्हणणाऱ्याने आधी माझ्याशी बोलावं.

गोदाकाठचा

आजी, तुमच्याहून बरीच लहान, पण तिचंही बालपण लालबागच्या चाळीत गेलं. डब्याची गोष्ट तिला वाचून दाखवतो. आणि नाही म्हणणार तिला मूर्ख.

आकडेमोड

वाणीदादांनी मिठाचं गणित मांडलं, मी पेट्रोलचं मांडतो. आकडे मानीव आहेत, पण मेळ बघा.

एखाद्या शहरात एक लाख दुचाकी धरा. टाकी पाच लिटरची. बहुतेक लोक शंभर-दोनशेचं टाकतात, म्हणजे कुठल्याही दिवशी सरासरीने टाकी अर्धी रिकामी. सगळ्यांनी एकाच दिवशी टाकी फुल करायची ठरवली तर लागतील अडीच लाख लिटर. वीस हजार लिटरचा टँकर धरला तर बारा-तेरा टँकर जास्तीचे, एका दिवसात. त्या दिवशी शहरात एकही गाडी रोजच्यापेक्षा किलोमीटरभर जास्त धावलेली नाही. पेट्रोल जळलेलं नाही, फक्त पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतून लोकांच्या सीटखाली गेलं. संप एक तासाचा असता तरी पंप कोरडे पडले असते.

त्या आठवड्यात चंडीगडच्या प्रशासनाने दुचाकीला २ लिटर आणि चारचाकीला ५ लिटरची मर्यादा घातली होती. मर्यादा जाहीर झाली की ज्याला नको त्यालाही वाटतं आपला वाटा बुडतोय. तरी माझ्या मते ती घालावी, पण रांगा लागण्याआधी.

आणि धागाकर्ते, तुम्ही भरलेल्या १३४ रुपयांत साधारण सव्वा लिटर येतं. तेवढ्यात ते पुढचे स्कूटर रेटणारे काका तीन दिवस फिरले असते. टोमणा नाही, नोंद.

गोदाकाठचा

टोमणाच आहे, पण बरोबर आहे. ते काका माझ्या पुढे होते म्हणून त्यांना मिळालं तरी. माझ्या मागे किती जण तसे होते, मी वळून बघितलंही नाही.

सुगरण_न्यूजर्सी

इकडची गंमत ऐका. २० जुलै २०२३ ला भारत सरकारने बासमती सोडून इतर पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. बातमी इकडे गुरुवारी सकाळी पोचली आणि संध्याकाळपर्यंत आमच्या भारतीय वाणसामानाच्या दुकानाचा पार्किंग लॉट फुल्ल. सोनामसुरीच्या वीस-वीस पौंडांच्या पिशव्या लोक ट्रॉलीत रचत होते. आंध्र-तेलंगणातल्या मैत्रिणींचं समजू शकते, त्यांच्या घरी दोन वेळचा भात. पण मी? आमच्याकडे पोळी-भाजी, भात वाटीभर. तरी मी नवऱ्याला ऑफिसातून फोन केला, "येताना दोन पिशव्या आण."

त्याला एकच मिळाली. दाराशी पाटी लावली होती, एका कुटुंबाला एकच पिशवी. तर बाहेर एक बाई आपल्या नवऱ्याला सांगताना त्याने ऐकलं, "तू वेगळा आलायस असं सांग." दहा मिनिटांपुरती फारकत!

सगळ्यात कमाल म्हणजे बासमतीची फळीही रिकामी. बंदी बासमतीवर नव्हतीच. पण सोनामसुरी नाही मिळाली तर रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून लोकांनी ती उचलली, आणि मागून आलेल्यांनी रिकामी फळी बघून ठरवलं की बासमतीही बंद झाली. इडली रव्यालाही तीच गत.

आम्ही मूळच्या पुण्याच्या, आंबेमोहोर खाणाऱ्या. ती सोनामसुरी कोणाला आवडेना. वर्षभर खिचडी केली.

तोक्योतला तात्या

वाणीदादांच्या वडिलांची थप्पी वाचून उठून बसलो. हुबेहूब असंच जपानात झालंय, मिठाच्या जागी नोटा.

डिसेंबर १९७३, जपानमधला 'आइची' नावाचा प्रांत. तेलाचे भाव भडकलेले. त्याच्या आधी महिनाभर ओसाकाजवळच्या सेनरी वसाहतीत टॉयलेट पेपरसाठी बायकांची झुंबड उडून गेलेली, आणि ते लोण देशभर पसरलेलं. असं वातावरण. लोकल गाडीत शाळेच्या तीन मुली गप्पा मारत होत्या. एकीला तोयोकावा शिंकिन नावाच्या छोट्या पतसंस्थेवजा बँकेत नोकरी लागली होती. मैत्रिणी चिडवायला लागल्या, "बँकेत? धोक्याचं असतं हं." म्हणजे दरोडा पडतो वगैरे. त्या पोरीने घरी नातेवाइकांना विचारलं, ती बँक धोक्यात आहे का हो? तिथून पुढे एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या तोंडी.

आता खरी मजा. अफवा कुजबुजीत असतानाच एका लाँड्रीवाल्याच्या दुकानात एक गिऱ्हाईक आलं, फोन मागितला आणि घरी सांगितलं, त्या बँकेतून १२ लाख येन काढून आण. त्या माणसाच्या कानावर अफवा आलेलीच नव्हती, त्याला धंद्यात कोणाचे तरी पैसे द्यायचे होते. पण लाँड्रीवाल्याच्या बायकोने ऐकलं आणि तिची खात्रीच पटली. तिने ओळखीच्यांना फोन लावले आणि बँकेसमोर रांग लागली. पुढे पोलिसांनी हा सगळा माग उलटा काढत काढत त्या तीन मुलींपर्यंत नेला, म्हणून आपल्याला कळतो.

आणि बँकेने काय केलं? खुलासे केले, ते कोणी ऐकले नाहीत. शेवटी नोटांच्या गड्ड्या लोकांना दिसतील अशा रचून ठेवल्या. थप्पी!

२०२२ चं अर्थशास्त्राचं नोबेल ज्यांना मिळालं त्यांतले डायमंड आणि डिबविग यांनी १९८३ मध्ये हेच गणितात मांडलं होतं. बाकीचे पळत आहेत हे दिसत असताना पळणं हा वेडेपणा ठरत नाही, तो हिशोबच आहे, आणि बँक धडधाकट असली तरी त्या हिशोबाने बुडू शकते. उपाय काय, तर पळून जास्त काही मिळणार नाही अशी आधीच हमी देणं. आपल्याकडे ठेवींना ५ लाखांपर्यंत विमा आहे, फेब्रुवारी २०२० पासून. आधी १ लाखच होता. मिठाला विमा नाही. मिठाला फक्त थप्पी.

दुसरी_पाळी

वाचतोय मघापासून. सगळे अनुभव छान आहेत. पण सगळे त्यांचे आहेत ज्यांच्याकडे त्या दिवशी पैसे होते.

२४ मार्च २०२०. रात्री आठचं भाषण. मी दुसऱ्या पाळीला, कंपनीत. सुपरवायझरने मोबाइलवर लावलं, आम्ही सहा-सात जण मशीनपाशी उभे राहून ऐकलं. रात्री बारापासून एकवीस दिवस बंद. भाषण संपलं तसे ज्यांच्याकडे गाड्या होत्या ते हाफ टाकून सुटले. मला कंपनीची बस. साडेअकराला सुटली. घरी पोचेपर्यंत बारा वाजून गेले, वस्तीतली दोन्ही दुकानं बंद.

सकाळी गेलो. तूरडाळ नाही, गोडं तेल नाही, कांदे-बटाटे नाहीत. खिशात होते ३४० रुपये. पगार ७ तारखेला. आम्ही एरवीही तेल पाव किलोच्या पिशवीतून आणतो, डाळ अर्धा किलो, साखर पाव किलो. महिन्याचं सामान भरणं काय असतं ते आम्हाला टीव्हीवरच्या जाहिरातीत दिसतं. घाबरायलाही पैसे लागतात हो. मी त्या रात्री कितीही घाबरलो असतो तरी जास्तीत जास्त दीड किलो डाळ घाबरलो असतो.

दुकानदाराने मसूर दिली, दोन आठवडे मसूर खाल्ली. बायको म्हणाली, मसूर तरी आहे. त्यामुळे, हिशोबाने पळणाऱ्यांचा हिशोब बरोबर असेल, पण त्याची उधारी कोणाच्या वहीत पडते तेही बघा.

वाणीदादा, तुमच्यावर राग नाही. तुमच्या वडिलांची थप्पी रात्री साडेअकरापर्यंत टिकली असती का, एवढंच विचारतोय.

वाणीदादा

भाऊ, नसती टिकली. खोटं कशाला बोलू.

त्या मार्चमध्ये आम्ही एका घराला एक किलो डाळ आणि एक लिटर तेल असं केलं. तर बारा माणसांचं एकत्र कुटुंब असलेले एकजण भांडायला आले, आणि ते बरोबरच होते. दुसरीकडे तीन माणसांच्या घरातून नवरा, बायको, मुलगा तिघं वेगवेगळे येऊन गेले, मास्क लावून, जणू मी ओळखत नाही. त्यांच्या मुलाचं पहिलं दप्तर माझ्या दुकानातून गेलंय.

मग आम्ही थोडा माल मागे काढून ठेवायला लागलो. रोजंदारीची, उधारीची जी घरं आहेत त्यांच्यासाठी, संध्याकाळी द्यायला. एका गिऱ्हाइकाने गोदामाच्या दारातून तो बघितला, फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, 'वाणी साठेबाजी करतोय'. दोन दिवस लोक तोंड वाकडं करून जात होते. खुलासा कोणाला करणार? खुलासा केला तर ती घरं कुठली ते सांगावं लागलं असतं.

दुसरी_पाळी

हे माहीत नव्हतं. आमचा दुकानदार पण ती मसूर आतूनच घेऊन आला होता, आत्ता आठवलं.

कडू_काढा

थोडं वेगळं मत मांडतो. वरच्या सगळ्या गोष्टींत शेवटी माल होता. म्हणून हसता येतं.

एप्रिल २०२१ मध्ये मी वडिलांसाठी रेमडेसिविरच्या सहा कुप्या शोधत तीन दिवस फिरलो. चिठ्ठी रुग्णालयाने हातात दिली होती, "तुम्ही आणा". मेडिकलसमोर रांगेत रात्र काढली. तेव्हाही टीव्हीवर सांगत होते की पुरवठा होतोय. त्या रांगेत कोणी मला मानसशास्त्र समजावलं असतं तर मी मारलं असतं. आणि खरी चीड येणारी गोष्ट ही की जागतिक आरोग्य संघटनेने त्याच्या पाच महिने आधी, नोव्हेंबर २०२० मध्येच, हे औषध देऊ नका असा सल्ला दिला होता. ते मला नंतर कळलं. वडील वाचले. कुप्या चारच मिळाल्या होत्या.

काही जणांनी म्हणे घरात कोणी आजारी नसताना घेऊन ठेवल्या होत्या, लागल्या तर असाव्यात म्हणून. त्यांना मी अजून माफ केलेलं नाही. पण इथले प्रतिसाद वाचताना हेही जाणवतंय की त्या महिन्यात माझ्या हाती आधी लागल्या असत्या तर मीही दोन जास्त ठेवल्या असत्या.

आकडेमोड

कडू_काढा, पटलं. खरी टंचाई आणि अफवेची टंचाई यांत फरक आहे हे मी आता घरी खुर्चीत बसून म्हणू शकतो. रांगेत उभ्या माणसाला दोन्ही अगदी सारख्याच दिसतात.

मिठाबद्दल एक राहिलं. मीठच का? साखर का नाही, हळद का नाही? २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये बिहारमध्ये मिठाचीच अफवा, ती पुढे बंगालात गेली. मार्च २०११ मध्ये फुकुशिमानंतर चीनमध्येही मीठच. आयोडीनच्या मिठाने किरणोत्सर्ग बाधत नाही म्हणे. मला वाटतं, मीठ स्वस्त, नासत नाही, आणि त्याला पर्याय नाही. फसलो तरी वीस रुपयांना फसलो. एवढ्या कमी पैशात मनाला एवढी शांतता दुसरं कुठलं सामान देतं? कांदे दहा किलो भरून ठेवले तर पंधरा दिवसांत कोंब येऊन आपल्यालाच हसतात.

भित्री_भागूबाई

सगळं वाचलं. पण एक कळलं नाही. आज अचानक हा धागा का? कशाची टंचाई येणार आहे का? काही आतली बातमी असेल तर सांगून टाका ना, घरात लहान मूल आहे.

गोदाकाठचा

नाही हो ताई, काहीही येणार नाहीये. सहज आठवलं म्हणून लिहिलं.

भित्री_भागूबाई

असंच म्हणतात आधी.

उनाडटप्पू

ताई, मी आत्ताच ऐकलं की धागाकर्त्याने गच्चीत पेट्रोलची विहीर खणली आहे. १३४ रुपयांची.

ते जाऊ द्या, नऊ पुड्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. चाळीस प्रतिसाद झाले तरी विचारत राहीन.

चाळकरी_७२

भागूबाई, बाळ, मुलाच्या दुधाची सोय एरवी जेवढी ठेवतेस तेवढी ठेव आणि झोप.

गोदाकाठचा

उनाडटप्पू, घ्या उत्तर. आज मुद्दाम आईला फोन करून विचारलं, आजींची रॉकेलच्या डब्याची गोष्टही वाचून दाखवली. ती आधी खूप हसली, मग म्हणाली, "आमचा डबा निळा होता."

नऊपैकी दोन पुडे शेजारच्या काकूंना दिले, कारण त्यांना त्या रात्री मिळाले नव्हते. तीन रोजच्या स्वयंपाकात गेले. दोन पुडे मे महिन्यात कैरीच्या लोणच्याला वापरायचे ठरले होते, पण लोणच्याला आई खडेमीठच घेते, आयोडीनचं मीठ चालत नाही तिला. त्यामुळे ते दोन मोरीत आणि बेसिनच्या पाइपात गेले. एक पावसाळ्यात फुटला, पाणी सुटलं, फेकला.

म्हणजे आठ झाले. नववा अजून माळ्यावर आहे, पितळी पातेल्यात, जुन्या साडीच्या धडप्यात गुंडाळलेला. दगड झालाय. मी म्हटलं, "आता तरी टाक." म्हणाली, "असू दे, तुला काय खायला घालतोय?"